अर्धा जुळतो

सही तिनंच केली.
मी पेन काढून ठेवलं होतं, टोपण उघडून,
प्रगतिपुस्तकासाठी काढायचो तसं.
पेशंट सज्ञान आहे, डॉक्टर म्हणाले,
तुम्ही जरा बाहेर बसा.
एकतीस वर्षांची बाई आहे ती,
खानापूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवते.
मलप्रभा हे नाव मीच ठेवलेलं.
बाहेर बसलो.

झाडणारी बाई म्हणाली, कुंद्री.
मग, ऊटा आतेन्री?
जेवलो नव्हतो. तसं सांगितलं, तिच्याच भाषेत.
त्या भाषेपायी आमच्या गावच्या पाटीला
तीनदा डांबर फासलंय,
एकदा ब्रश माझ्या हातात होता.
तिनं डबा उघडून अर्धी भाकरी पुढं केली,
वर मिरचीचा खर्डा.
रिपोर्टवर बोट ठेवून तिनं विचारलं, रक्ता?
रक्त, मी म्हणालो.
रक्ताला दोन्हीकडं रक्तच म्हणतात
हे अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

उद्यमबागेत चौतीस वर्षं साचे भरले मी.
वरून गुळगुळीत दिसणारं कास्टिंग
मशीनवर चढलं की आत पोकळ निघायचं.
मग शोध: वाळू ओली होती, की लोखंड गार,
पाळी कुणाची होती.
सुट्टीच्या भोंग्याआधी चूक सापडायचीच.
हिच्या बाबतीतही शोधतोय.
अंगावरून घरी आणलेली काळी धूळ,
परसातल्या टाकीचं पाणी,
तिची आई गेली त्या वर्षी तिनं सोडलेलं जेवण.
अथणीचा शिकाऊ डॉक्टर म्हणतो,
काका, चूक कुणाचीच नसते यात.
असं कास्टिंग मी पाहिलेलं नाही.

चौदाशे अंशाचा रस नुसत्या रंगावरून सांगायचो.
आता एकशे एक दिसलं
तरी थर्मामीटर उजेडात तीनतीनदा धरतो.

आणि मज्जा हा शब्द.
आमच्या घरात तो जत्रेहून आल्यावर निघायचा.
परवा तिच्या कमरेच्या हाडातून काढून
बारक्या बाटलीत घालून नेली.
पालथी पडल्या पडल्या तिनंच विचारलं सुईवाल्याला,
काय, आली का मज्जा?
त्याला मराठी नसावं, तो लेबल चिकटवत राहिला.
मी हसलो,
मग मला थांबता येईना.

तिनं वहीच्या पानावर लिहून दिलंय
मी कसं वागायचं ते.
आत्याला इतक्यात कळवायचं नाही.
डोक्यावरून हात फिरवायचा नाही, केस हातात येतात.
मला विचारल्याशिवाय नवस बोलायचा नाही.
(एक आधीच बोलून बसलोय. सांगितलेलं नाही.)
रडायचं असेल तर जिन्यात.

जिन्यात माझ्याआधी निपाणीचा एक माणूस असतो.
त्याचा मुलगा बावीसचा.
आम्ही बोलत नाही,
तो फक्त एक पायरी खाली सरकतो.

भाऊ जुळला नाही.
पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आला, रक्त देऊन गेला,
आणि फोनवर माफी मागत राहिला.
मी अर्धा जुळतो.
आईबाप सगळेच अर्धे जुळतात म्हणे,
हिची आई असती तर तीही अर्धीच.
दोघं मिळून पूर्ण झालो असतो का, विचारलं मी.
डॉक्टर म्हणाले, गणित तसं नसतं,
पण हल्ली अर्ध्यावरही भागतं. कधी कधी.
ते कधी कधी त्यांनी हळू म्हटलं.
मला साच्यापाशी उभं राहून
भट्टीच्या आवाजातलं ऐकायची सवय आहे.

मंगळवारी सात वाजता, उपाशीपोटी.
या कागदावर मात्र माझी सही लागते.
चष्मा घरी राहिला, म्हणून तिनं वाचून दाखवला,
मास्क लावून, वर्गात वाचावा तसा,
अवघड जागी थांबून,
कळलं का, असं विचारत.
एका जागी थांबली ती पुढं वाचेचना.
पान उलटलं.
मी काही विचारलं नाही.

मग खिशातलं पेन तिनंच काढलं माझ्या.
इथं, खाली.
मराठीत करा, चालतंय.
केली.
तेव्हापासून टोपण सापडत नाहीये.
बहुतेक तिच्या मुठीत असावं,
झोपलीय,
उघडून बघत नाही.