पिठाच्या काट्यावर

हडर्सफील्ड, मार्चचा पहिला आठवडा.
शेजारच्या मागल्या अंगणातून उचलून आणला
तेव्हा टॉवेलच जड वाटत होता.
पिठाच्या काट्यावर ठेवला: अकराशे चाळीस.
पाठीवरून बोट फिरवलं
तर मणका न्‌ मणका लागला.
नखं वळून तळव्यात रुतलेली,
शेपटीखाली मुतानं भाजलेली कातडी.

दर तीन तासांनी सिरिंज.
गवताची पूड कोमट पाण्यात कालवून
ओठाच्या कडेनं, दातांमागच्या फटीतून.
निम्मं माझ्या बाहीवर.
त्याच्याशी मराठीतच बोलले,
रागावलेही मराठीतच:
"गिळ रे बाबा, मला सहाची शिफ्ट आहे."
सशाचं काळीज म्हणतात ते
माझ्या अंगठ्याखाली धडधडत होतं,
सोडत नव्हतं.

चौथ्या पहाटे फरशीवर
सात लेंड्या. कोरड्या, गोल, मिऱ्यांएवढ्या.
लाइट लावून पुन्हा मोजल्या.
नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवल्या.
तो म्हणाला, "छान," आणि परत झोपला.

परवा शेजारची लिंझी दारात आली.
तिच्यासाठी आठवडाभर
वाक्यं घासूनपुसून ठेवली होती मी.
हातात सुपरमार्केटची पिशवी,
तीत कालव्याकाठचा डँडेलियनचा पाला,
मुळांसकट, मातीसकट.
"खातो का तो आता?"
उंबऱ्याबाहेरूनच विचारलं तिनं.
मी पिशवी घेतली.
आत ये म्हणाले नाही.
पाला मात्र तीनदा धुतला.

आज काटा तेराशे दहावर.
आणि उचलायला वाकले तर
मागचा पाय आपटला त्यानं, धाडकन,
घरमालकासारखा.