पावणेदोन ग्रॅम

चाँदपाशानं ती पेटी हैदराबादहून आणली
पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन,
सुईला टोपण नव्हतं म्हणून चष्म्याचं फडकं बांधून.
बोअरच्या मोटारी भरणारा माणूस,
तांब्याच्या तारेनं बोटं कायमची तांबडी.
म्हणाला, पोतदार, हात तुमचा बारीक. तुम्हीच बसवा.

उदगीरच्या सराफ्यात माझं शटर अर्धं खाली.
चार तारा, केसाएवढ्या: लाल, पांढरी, हिरवी, निळी.
चिमट्यानं धरल्या की आपला श्वाससुद्धा वारा होतो.
त्यानं न सांगता पंखा बंद केला.

काट्याची काच पुसली.
गुंजा केव्हाच गेल्या, आता आकडे लाल उजेडात येतात.
सुई टेकवली: तीन पॉइंट एक. फार.
मागचं वजन अर्धा आटा फिरवलं. दोन पॉइंट चार. अजून.
पावणेदोनला थांबलो.
सकाळीच एवढ्याच वजनाची मुरणी मोडीत घेतली होती
देवणीहून आलेल्या एका बाईकडून.
तिनं आकडा दोनदा विचारला होता.

मग तो आखणीचा कागद.
मधे भोक, जाळीच्या दोन चौकटी,
आतली सहासष्ट मिलिमीटरवर, बाहेरची एकशे एकवीसवर.
या दोनच जागी सुईचं नाक रेघेशी सरळ यायचं,
बाकी सगळीकडे जरा वाकडं चालणार.
तबकडी कोरणारं पातं सरळ रेघेत गेलेलं असतं,
आणि हा हात तर खांद्याशी बांधलेला,
कमानीतच फिरणार.
चाँदपाशा म्हणाला, "गेट के सरीका."
हां, गेटसारखं.

भिंग डोळ्याला. दोन स्क्रू ढिले.
केसभर पुढं, केसभर मागं.
आतली चौकट जमली की बाहेरची बिघडे,
बाहेरची जमवावी तर आतली.
बिदर रोडला ट्रकांचे हॉर्न, साडेदहा झालेले.
तबकडी लावून बघितली. एक बाई गात होती,
लेबलावरचं तिचं नाव कुणाच्या तरी अंगठ्यानं पुसलेलं.
शेवटच्या चिजेत, लेबलाजवळ, प्रत्येक 'स'
तापल्या तेलात पडलेला कढीपत्ता.

पुन्हा चौकट, पुन्हा स्क्रू.
सुईखाली आरसा ठेवला:
सुई आणि तिच्याखालची उलटी सुई एका रेघेत उभ्या.
तरी 'स' तसाच.

काय वाटलं कुणास ठाऊक,
पोलादी पट्टी काढली आणि कागदच मोजला.
शंभराची रेघ सत्त्याण्णवची निघाली.
झेरॉक्सवाल्या व्यंकटनं, पानात नीट बसावं म्हणून,
सगळंच तीन टक्के आवळलेलं.
दोन तास आम्ही चुकीच्या कागदाशी
अगदी इमानदारीनं जुळत होतो.

चाँदपाशा इतका हसला की सवागीची डबी सांडली.

झेरॉक्सचं दुकान बंद. मग पितळी पत्र्यावर
कर्कटकानं मीच कोरले दोन बिंदू,
चाळीस वर्षांत पहिली कोरणी जिची मजुरी कुणाला सांगायची नव्हती.

बाराला सुई खाली आली.
पहिला 'स' कधी गेला, कळलंच नाही.
दुसरा कळला, कारण मी वाट बघत होतो.
मग अगदी शेवटी, लेबलाला टेकता टेकता,
एक बारीक शीळ.
माझा हात स्क्रूकडे गेला,
तर त्यानं मनगट धरलं.
"नक्को. ये सुई का नै अब.
बाई का सामने का दाँत गिरा सो है. सुनो."

ऐकलं.
चीज संपली, सुई रिकाम्या घळीत गोल फिरत राहिली,
टक्, टक्,
आणि उचलायला दोघांतलं कुणी उठेना.

डावा स्क्रू मी अजून पुरता आवळलेला नाही.
पाव आटा ठेवलाय.