सामान्यनाम

लकडी पुलाजवळ, दांडिया बाजारात
बाबांची टपरी होती, सव्वा माणूस मावेल एवढी.
वर पाटी: तावडे. येथे स्टोव्ह दुरुस्त होतील.
खालची गुजराती ओळ रंगवताना पेंटरनं
स्टोव्ह गाळून प्रायमस लिहिलं.
म्हणाला, स्टोव्ह कोण म्हणतं इथं?

प्रायमस हे एका स्वीडिश कारखान्याचं नाव.
लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पहिला,
हे मला फार उशिरा कळलं, बाबांना कधीच नाही.
त्यांचा हिशेब वेगळा:
बत्तीस वर्षांत खरे प्रायमस दोन.
एक फतेगंजातल्या पारशी बाईंचा,
एक मोडीत आलेला, तळ गेलेला.
बाकी सगळे इथलेतिथले, पितळेचे, पत्र्याचे,
आणि सगळेच पहिले.

त्यात ओतायचं ते आम्ही घासलेट म्हणायचो.
सावकाश म्हणून बघा: गॅसलाइट.
पुण्याची मामी म्हणायची रॉकेल,
म्हणजे रॉक ऑइल, दगडाचं तेल.
रेशनकार्डावर केरोसीन,
तेही कुण्या साहेबानं स्वतःच्या मालाला दिलेलं नाव.
एकाच बाटलीतून
आम्ही उजेड जाळून आमटी करायचो
आणि मामी दगड.

तावडो म्हणजे गुजरातीत कढई.
पाटी वाचून बायका कढया आणायच्या,
कान तुटलेल्या, बुडाला भोक पडलेल्या.
बाबा आधी परत पाठवायचे.
मग पाठवेनासे झाले. झाळायचं सामान हाताशी होतंच.

आई साताऱ्याहून नवी आलेली, तेव्हाची गोष्ट.
एक शेठ टपरीशी थांबून म्हणाले,
'तावडेभाई, नवरा छो?'
रिकामे आहात का, एवढंच विचारत होते ते.
बाबांनी पिन मारता मारता मान वर न करता सांगितलं,
'हो. हिचा.'
आई डबा तिथंच ठेवून घरी पळाली.
पुढं तीसेक वर्षं घरात हाच विनोद पुरला,
पाहुणे बदलायचे फक्त.

मग त्या मंगळवारी न्यायमंदिरासमोर रिक्षानं उडवलं त्यांना.
शेजारच्या सविताबेन धावत आल्या.
आई एकच शब्द बोलली:
अपघात.

गल्ली एकदम हळू बोलू लागली.
खिचडी आली, कढी आली,
पण द्यायला आलेले डोळे वर करत नव्हते.
कुणी मला बाजूला घेऊन विचारलं, कर्ज होतं का.
कुणी विचारलं, घरात काही झालं होतं का.
चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला.
गुजरातीत आपघात म्हणजे
माणसानं स्वतःच स्वतःला संपवणं.

मी दारोदार गेले.
सांगत सुटले: अकस्मात, अकस्मात, रिक्षा होती, पिवळी, नंबरसुद्धा आहे.
सविताबेननी माझा हात धरला
आणि तेव्हा कुठं मोठ्यानं रडल्या.
पण शेवटच्या दोन घरांत मी गेले नाही. दमले होते.
तिथं अजूनही बाबा
काही न सांगता गेलेला माणूस असतील.

मोठ्या कंपन्या वकील लावतात म्हणे,
आपलं नाव कुणाच्याही मालाला चिकटू नये म्हणून.
आम्ही कुणाला नोटीस देणार?
घरोघरी गॅस आला, टपरीत मोबाइलची कव्हरं आली,
पाटी पेंटरच्याच मुलानं नेली, मागच्या बाजूला काहीतरी रंगवायला.

परवा माझी शेगडी भडकेना.
सविताबेनच्या सूनबाई म्हणाल्या,
'तावडो बोलावी लो ने, नंबर आपुं.'
मी नंबर लावला. पलीकडे कोवळा आवाज, मागं ट्रॅफिक:
'हां बेन, तावडो बोलुं छुं.'

मी काहीच बोलले नाही जरा वेळ.
त्याला वाटलं लाइन गेली.
'हॅलो? बर्नर छे के पाइप?'

बर्नर, म्हटलं.
आणि येताना पिन आण, बारीक.