बिननावाचा

नेरगुई म्हणजे बिननावाचा.
आधीची दोन गेली, म्हणून आईनं
मरणाला हाक मारता येऊ नये असं ठेवलं,
आपल्याकडे दगडू-धोंडू ठेवतात तसं.

आता एकोणिसाव्या वर्षी, उलानबातरच्या इस्पितळात,
आईकडे बघून तो विचारतो, या बाई कोण?
चार महिने ताप. कल्चरच्या बशीत काही उगवलं नाही.
टीबीची औषधं झाली, लामा येऊन गेला.

मणक्यातलं पाणी, चमचाभरही नाही,
उयांगानं यंत्रात घातलं.
रात्रभर चारच अक्षरं, उलटसुलट,
लाखो ओळी, बहुतेक त्याच्याच :
त्याचे डोळे, त्याची उंची, बापाचं टक्कल.
पहाटे एक्केचाळीस ओळी उरल्या,
माणसाच्या नसलेल्या.

शेळ्या आहेत?
आहेत की, आई म्हणाली. अडलेलं करडू
तोच ओढून काढतो, उघड्या हातानं.
चांगला हात आहे त्याचा.

उयांगानं रोगाचं नाव कागदावर लिहिलं.
आईनं चष्मा पुसून ते आधी मनात वाचलं,
मग मोठ्यानं, ब्रु-से-ला,
चुकल्या शेळीला घालावी तशी साद.

खाटेवर मान वळली.