दुभाषी

कीथली. मंगळवार, साडेदहा.
तीन खुर्च्या, एक हीटर,
आणि कागदी रुमालांचा डबा, ज्याला तसव्वर चाचांनी
सात आठवड्यांत बोट लावलेलं नाही.

माझं काम सोपं. त्यांची पहाडी उचलायची,
बेथनच्या इंग्रजीत नेऊन ठेवायची.
वाटेत सांडायची नाही. पदरचं काही घालायचं नाही.
ते 'मी' म्हणाले की मीही 'मी' म्हणायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, या आजाराला म्हणतात काय?
मी शब्द सांगितला. ते म्हणाले, छे, हे तसलं नाही.
गिरणीत रात्रपाळीला सगळे माग एकदम बंद पडले
की कानांत जे भरायचं, ते.
हे सांगताना माझ्याकडे क्रियापद नव्हतं.

मग मशिदीतल्या कुणाचं तरी आलं : ईमान कच्चं पडलंय.
मुलाचं आलं : अब्बा, गोळ्या घ्या.
गेल्या रमजानात गोळी सेहरीला की इफ्तारीला
हे कुणी सांगितलं नाही, म्हणून महिनाभर सोडूनच दिलेली.
बेथनने डॉक्टरांना फोन लावला, तिथल्या तिथे.

ती मशिदीत कधी गेलेली नाही.
आजोबा वेल्समध्ये चॅपलचा ऑर्गन वाजवायचे, एवढंच भांडवल.
पण तिने विचारलं, बरे होतात तेव्हा दिवस कुठून सुरू व्हायचा?
फजरपासून.
तिने तक्त्यात लिहिलं, मला स्पेलिंग विचारून.
त्या चौकटीत आधीच्या माणसाने लिहिलं होतं : पोहणे.
चाचा हसले. तेवढंच एकदा.

मग हळू आवाजात :
उभा राहतो, हात बांधतो, आणि वाटतं
दार वाजवतोय, घरात कुणी नाही.

बेथन गप्प. मी गप्प, तो तर माझा पगारच.
शेवटी ती म्हणाली, उद्या नुसती वुजू केली तर?
चालतं का ते तुम्हीच सांगा, मला त्यातलं कळत नाही.
चाचा म्हणाले, पाण्याला नाही कोण म्हणेल.

पुढचा मंगळवार.
जुने पाइप, ऊन पाणी यायला वेळ लागतो.
हात धुतले. तोंड. कोपरांपर्यंत.
पाय राहिले.
टबच्या काठावर बसलो, मग पुन्हा झोपलो.
बेथनने बरोबरची खूण केली. पाय राहिले तरी.

आणि मग ते म्हणाले,
अकरा महिने झाले, सजद्यात गेलो नाही.

मी सांगितलं, जसंच्या तसं.
इंग्रजीत 'गेलो' आणि 'गेले' यांत फरक नसतो.

बेथनने लिहून घेतलं, त्यांच्या नावापुढे.

चाचांना इंग्रजी येत नाही म्हणतात.
त्यांनी डबा उचलला
आणि माझ्याकडे सरकवला.