परत येण्याचा पुरावा

सदरच्या गल्लीत माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, व्हिसाचे फॉर्म भरून मिळतील.
खुर्ची एक, कूलर अर्धा मेलेला,
आणि भिंतीवर पांढरा पडदा, ज्याच्यापुढे
सतरा वर्षांत मी कुणाला हसू दिलेलं नाही.

मेच्या दुपारी कामठीहून आल्या पारबताबाई मेश्राम.
थैलीतून एकेक कागद काढून काउंटरवर मांडले.
राशनकार्डात पारबता, बँकेत पारबताबाई,
पासपोर्टात पार्वती.
"ह्यातली जर्मनीले जाणार कोण?"
"जिले पोरगी बोलावून राहिली, थे."

पोरगी विशाखा. ब्रेमेनच्या दवाखान्यात नर्स,
सातवा लागलेला.

जन्मतारीख एक जून.
मी मान वर केली. माझीही एक जूनच.
गुरुजींनी एका दुपारी, एका दौतीतून
अख्खा वर्ग जन्माला घातला होता.

प्रवासाचा हेतू:
पर्यटन, व्यापार, परिषद, नातलगांची भेट.
"लिहा, पोराले न्हाऊ घालाले."
तसा चौकोन नाही, मावशी.
"मंग त्यायच्या देशात पोरं न्हातच नाहीत का?"
मी नातलगांवर टिकली केली.

याआधी परदेशी गेला आहात का?
"छिंदवाडा. दोन डाव."

तीस हजार युरोचा विमा लागेल, सांगितलं.
त्यांनी मनात रुपये केले, मग पुन्हा केले.
"माह्या जिवाचे एवढे?"
आजारपण धरून. आणि तिथे काही बरंवाईट झालंच
तर इकडे आणायचा खर्च.
"मंग झालं ना जी. मी कशीबी परत येतोच."

पण फॉर्मला ते पुरत नव्हतं.
त्याला हवी होती शेती, घराची रजिस्ट्री, नोकरीचं पत्र,
माणसाला मागे ओढणारं काहीतरी
स्टँप लागलेलं.
घर भासऱ्याच्या नावावर.
नोकरी: चाळीस वर्षं बिड्या वळल्या,
पत्र कोण देणार?
बराच वेळ कूलरच तेवढा बोलत होता.
मग त्या म्हणाल्या, "माही भिशी आहे.
बारा बायका. नोव्हेंबरात माहा नंबर.
नाही आली तर मले जर्मनीतून ओढून आणतीन."

मी हसलो. टाइप केलं. खोडलं.
पुन्हा टाइप केलं.

केंद्रावर नेलं तेव्हा नऊ पन्नासची वेळ होती.
आत सोबत्याला प्रवेश नव्हता,
पण मशीन चौथ्यांदा "नाही" म्हणालं
तेव्हा काचेमागची पोरगी मला हात करून बोलावू लागली.
"यांच्या बोटांवर काही येतच नाहीये."
येणार कुठून?
तंबाखूनं, तेंदूच्या पानानं, दोऱ्याच्या गाठीनं
रोज हजार बिड्यांच्या हिशेबानं
त्या रेषा कधीच विकून झाल्या होत्या.
विशाखाची नर्सिंगची फी भरताना
पावतीवर त्यांचा उल्लेख नव्हता.

ओल्या रुमालानं पुसलं. हातावर हात चोळले.
अंगठा नाही. तर्जनी नाही. मधलं नाही.
पारबताबाई ओशाळल्या,
परीक्षेत उत्तर न आल्यासारख्या
बोटांकडे बघत राहिल्या.

शेवटी डावी करंगळी.
हिरवा दिवा.

बिडी वळताना ती बाजूलाच असते,
त्यांनी मला जिन्यावर करून दाखवलं:
चार बोटं राबतात,
ही आपली अशी, पाहुणीवानी.

उरलेल्या बोटांसाठी एक वेगळा अर्ज असतो म्हणे.
तो भरून दिला. पंधरा दिवस झाले.
काल एका अनोळखी बाईचा फोन:
"भिशीतून बोलतो. पारबताबाईचं काय झालं?
नाही म्हणजे, नंबर बदलाचा का ठेवाचा?"

ठेवा, म्हटलं.