एकही दावा नाही

नोटीस जेवणं आटोपल्यावर फोनवर आली.
'आमच्या मौल्यवान ग्राहक श्रीमती हेमांगी दिघे',
आणि खाली आकडा: नऊ हजार आठशे चाळीस.
मौल्यवान हा शब्द त्यांनी
अगदी शब्दशः घेतला होता.

गाडी तीच. राखाडी, तेरा वर्षांची,
मागच्या काचेवर अन्वयच्या शाळेचा स्टिकर,
आणि अन्वय आता स्वतः शाळेत शिकवतो.
कागदावर दरवर्षी तिची किंमत एक पायरी उतरते,
हप्ता एक पायरी चढतो.
एखाद्या वर्षी जिन्यात दोघांची गाठ पडेल,
तेव्हा कोण कोणाला वाट देतं ते पाहायचंय.

सहज म्हणून, म्हणजे खरं तर खाज म्हणून,
ह्यांच्या नंबरावरून मी त्याच कंपनीचं दार वाजवलं.
नाव घातलं माहेरचं, हेमांगी कारखानीस.
तीच गाडी, तेच बडोदा, कारेलीबागेतला तोच पत्ता.
सहा हजार एकशे पाच.
वर झेंडूचं तोरण, आणि
'आपलं मनःपूर्वक स्वागत'.

तीन हजार सातशे पस्तीस.
एवढी माझ्या माहेराला अजून पत आहे
हे आईला सांगायला हवं होतं.

विश्वामित्री घरात आली त्या ऑगस्टात
खालच्या पार्किंगमध्ये मगर फिरत होती म्हणे,
मी नाही पाहिली, फक्त बॉनेटपर्यंतचं गढूळ पाणी पाहिलं.
शेजारच्या पारेखांनी दावा केला, त्यांना पैसे मिळाले.
मी बोनस जपला.
गॅरेजवाल्या इस्माइलभाईंना रोख अठरा हजार मोजले,
गाडी बुडाली तरी बोनस बुडू दिला नाही.
आणि तो बोनसही पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांवर थांबतो.
त्यापुढे कितीही गुणी राहा,
कुणी मोजत नाही.

सकाळी खंडेराव मार्केटात मंगुबेनकडे पापडी घेतली.
मला शंभर सांगितले. माझ्यामागच्या,
हातात चुडा असलेल्या मुलीला ऐंशी.
मी नुसतं पाहिलं तिच्याकडे.
'नवी छे, बेन. टेव तो पडवा दो.'
नव्याचे नऊ दिवस, ऐकलं होतं,
ऐंशी रुपये किलोने आज पाहिले.
मात्र पिशवी बांधताना तिने
ओल्या हळदीची दोन बोटं आत सरकवली, न मागता.
त्याचा भाव मी विचारला नाही.

दुपारी पुन्हा फॉर्म उघडला. पुढचं पान.
आरसी बुकावरचं नाव? जुन्या पॉलिसीचा नंबर?
कारखानीस तिथेच अडखळली.
चक्र फिरलं, फिरत राहिलं,
मग तोरण गेलं, स्वागत गेलं,
'आपण आमचेच आहात',
आणि नऊ हजार आठशे चाळीस परत.

आमचेच.
हा शब्द मी घरातही पुष्कळदा ऐकलाय,
बहुधा शेवटची पोळी वाढून झाल्यावर.

किरीटभाईंना रावपुऱ्यात गाठलं.
तेरा दिवाळ्या त्यांचं कॅलेंडर आमच्या फ्रिजवर.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आजूबाजूला पाहिलं,
आणि एखाद्याची पत्रिका सांगावी तसं हळूच म्हणाले,
'जुनं गिऱ्हाईक हलत नाही, असं त्यांचं मशीन धरून चालतं.
तुम्ही हला.
माझी स्वतःची स्कूटर मी कधीच हलवली.'
आणि मला सेव-उसळ खायला घातली.
तर्री त्यांना दोनदा मिळाली, मला एकदा.
ते तिथे रोजचे.

संध्याकाळी दुसऱ्या कंपनीत पैसे भरले.
सहा हजार चारशे, नाव दिघेच, बोनस सोबत नेला.
'झालं रिन्यू?' ह्यांनी पेपरातून विचारलं.
'नाही. नवं घेतलं.'
'बरं,' म्हणाले, आणि पान उलटलं.

एक वर्ष.
मग तिथेही मी मौल्यवान होईन.